शिलाईच्या धाग्याला दर कंटेनरमागे कस्टम्सची क्वेरी लागते, तेव्हा

लक्षण ठरलेलं असतं. कंटेनर न्हावा शेवा बंदरात उतरलेला असतो, बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचा आयातीचा कागद) भरून झालेलं असतं, ड्यूटीचे पैसे तयार ठेवलेले असतात आणि सीएचएचा, म्हणजे आमचं कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटचा, फोन येतो, "ताई, धाग्याला परत क्वेरी आलीये. ५४०१ का लावलं, ५४०२ का नाही, विचारतायत." ५४०१, ५४०२ हे मालाचे टॅरिफ कोड, ड्यूटी त्यांवरून ठरते. मागच्या खेपेला नेमकं उलटं विचारलेलं असतं. इकडे अंबडला सीट कव्हरच्या लाइनवर काळा बॉन्डेड (रेझिनने तंतू बांधलेला) नायलॉन धागा दोन दिवसांपुरता उरलेला. सुपरवायझर तासातासाला येऊन कोन मोजून जातो. तिकडे ग्राउंड रेंट (बंदरातलं जागाभाडं) आणि डिटेंशनचं (कंटेनर मुदतीपेक्षा जास्त ठेवल्याच्या आकाराचं) मीटर चालू.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका शिलाई युनिटचं आयातीचं काम बघते. पहिली काही वर्षं ही क्वेरी आम्हाला जवळजवळ प्रत्येक खेपेला लागायची. आजही कधीमधी लागते, पण एका उत्तरात मिटते. सातपूर, सिन्नरहून याच कारणासाठी फोन येतात. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी रोगाचं मूळ. बहुतेक जण कोड पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवरून उचलतात. आम्हीही तेच करायचो. पुरवठादार त्याच्या देशातल्या निर्यातीच्या सवयीने कोड टाकतो. तो चुकला तर त्याला काही फरक पडत नाही, ड्यूटी तुम्ही भरणार असता. कस्टम्स कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कर-आकारणी आयातदाराने स्वतः करायची असते, म्हणजे कोडची जबाबदारी तुमची. त्यात २०२० पासून आकारणी फेसलेस झाली आहे. तुमचं बिल न्हावा शेवाचं असलं तरी ते तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. त्याच्या हातात कोन नसतो, समोर फक्त कागद असतो. कागदावर "पॉलिएस्टर यार्न ऑन कोन" एवढंच लिहिलं असेल तर तो विचारणारच. खरं सांगायचं तर त्याने विचारलंच पाहिजे.

आता कोड कसा ठरतो ते बघू. शिलाईच्या धाग्याला टॅरिफमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या कोडच्या यादीत, तीन घरं आहेत. सुती धागा ५२०४, मानवनिर्मित फिलामेंटचा म्हणजे अखंड तंतूचा ५४०१, आणि मानवनिर्मित स्टेपलचा म्हणजे आखूड तंतू कातून केलेला ५५०८. हे चार आकडे जगभर सारखेच. सिंथेटिकसाठी आपल्याकडे ५४०१ १० ०० आणि ५५०८ १० ०० लागतात. पण धागा मशीनवर शिवतो म्हणून तो टॅरिफच्या दृष्टीने शिलाईचा धागा होत नाही. टॅरिफच्या विभाग ११ ची पाचवी टीप त्याची व्याख्या देते. धागा एकापेक्षा जास्त पदर एकत्र पिळलेला हवा, आणि वर तीन अटी. रीळ, कोन, ट्यूब अशा आधारावर गुंडाळलेला असावा आणि आधारासकट वजन १००० ग्रॅमच्या वर जाऊ नये. शिलाईसाठी त्यावर फिनिश केलेलं असावं. आणि शेवटचा पीळ झेड असावा. तिन्ही एकदम पाहिजेत. एक जरी चुकली तरी तो शिलाईचा धागा राहत नाही, साधं यार्न होतो. मग फिलामेंट असेल तर ५४०२, स्टेपल असेल तर ५५०९.

आमचा घोळ पहिल्याच अटीत होता, आणि तो कळायला आम्हाला फार वेळ लागला.

बॉन्डेड नायलॉन आम्ही एक किलोच्या कोनवर मागवायचो. मोठा कोन म्हणजे मशीनवर कमी वेळा बदलायचा, शिवाय किलोमागे भाव थोडा कमी. इन्व्हॉइसवर लिहिलेलं असायचं, नेट वेट एक किलो. आमच्या मनात पक्कं होतं की मर्यादा एक किलोची आहे, आपण मर्यादेत आहोत. एकदा क्वेरीच्या उत्तरासाठी फोटो हवा म्हणून मी स्टोअरला गेले. स्टोअरचे काका म्हणाले, "ताई, नुसता फोटो काय काढता, काट्यावर ठेवून काढा ना." त्यांनी कोन उचलून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. आकडा आला १०६२. धागा गुंडाळलेला तो काळा प्लास्टिकचा कोन, जो आम्ही रिकामा झाला की भंगारात टाकतो, त्याचं वजन आम्ही कधी धरलंच नव्हतं. टीप मात्र आधारासह वजन म्हणते. इतके दिवस आम्ही ५४०१ लावून जो माल आणत होतो तो ५४०१ चा नव्हताच, ५४०२ चा होता, अनेकपदरी नायलॉन यार्न. अधिकाऱ्याचा प्रश्न बरोबर होता आणि आमचं उत्तर चूक होतं. नंतर पुरवठादाराला सांगून कोनवर ९०० ग्रॅमच धागा गुंडाळून घ्यायला लागलो. आधारासकट वजन हजाराच्या चांगलंच खाली राहतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की कोड कागदावरून ठरवू नका. एक कोन हातात घ्या, तोच सांगतो. सॅम्पल मागवल्याशिवाय पहिली ऑर्डर देऊ नका, आणि सॅम्पल आलं की शिवून बघायच्या आधी कोड ठरवण्यासाठी बघा.

ते बघायचं कसं? हातभर धागा कोनवरून सोडवा. टोक दोन बोटांत धरून पिळाच्या उलट दिशेने उलगडा. पदर वेगळे झाले की मोजा. दोन, तीन, जे असतील ते. एकच निघाला तर विषय तिथेच संपला, तो शिलाईच्या धाग्याच्या व्याख्येत बसत नाही. मग एक पदर घेऊन तोही उलगडा आणि हलकेच ओढा. स्पन पॉलिएस्टर असेल तर तंतू एकमेकांतून सरकून सुटतात, कापसाच्या पेळूसारखे, आणि बोटाला बारीक लव लागते. सुटलेला तंतू पट्टीवर ठेवला तर साधारण ३८ मिलिमीटरच्या आसपास भरतो, कारण शिलाईच्या धाग्यासाठीचं पॉलिएस्टर स्टेपल बहुधा त्याच लांबीचं कापलेलं असतं. हा ५५०८ कडचा माल. फिलामेंट असेल तर तंतू गुळगुळीत, चकचकीत, आणि कितीही ओढला तरी टोक सापडत नाही. तो ५४०१ कडचा. शंभरातले निम्मे घोळ इथेच होतात, कारण बाजारात दोन्हीला "पॉलिएस्टर धागा" एवढंच म्हणतात.

पिळासाठी भिंग लागतं. कापडवाले धागे मोजायला वापरतात ते पिकग्लास असलं तर उत्तम. धागा उभा धरा. पिळाच्या तिरप्या रेषा खाली डावीकडून वर उजवीकडे जात असतील, इंग्रजी झेडच्या मधल्या रेघेसारख्या, तर झेड पीळ. उलट्या असतील तर एस. शेवटचा, म्हणजे सगळे पदर एकत्र करतानाचा पीळ बघायचा. आतल्या एकेका पदराचा पीळ बहुधा एस असतो आणि तो बघून लोक फसतात. झेडची अट उगाच घातलेली नाही. लॉकस्टिच मशीनच्या हूकवरून जाताना झेड पीळ आवळला जातो, एस पीळ सुटत जातो. ज्याने टीप घालताना धागा उसवलेला पाहिला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

फिनिशची अट डोळ्यांनी दिसत नाही. सिलिकॉन, मेण, पॅराफिन, स्टार्च यांसारख्या पदार्थांची प्रक्रिया, ज्याने घर्षण कमी होतं, सुई तापली तरी धागा टिकतो, स्थिर वीज साठत नाही, ती इथे अपेक्षित आहे. पुरवठादाराकडून तांत्रिक पत्रक मागून त्यात फिनिशचं नाव आणि प्रमाण लिहून घ्या. जे कच्चा पांढरा धागा डाइंगसाठी मोठ्या ट्यूबवर आणतात त्यांनी हे नीट वाचावं. फिनिश नाही, वजनही बहुधा मर्यादेबाहेर, तेव्हा तो ५५०९ चाच. "शेवटी शिलाईलाच जाणार आहे" हे उत्तर चालत नाही. माल बंदरात उतरला त्या स्थितीत काय आहे, ते बघतात.

काही धागे या साच्यात बसत नाहीत, त्यांचा वेगळा विचार करावा लागतो.

बॉन्डेड धाग्याला हमखास विचारलं जातं की हा प्लास्टिकचा लेप दिलेला धागा आहे, मग ५६०४ का नाही. प्रकरण ५६ ची चौथी टीप तिथे कामाला येते. लेप नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल तर धागा ५६०४ मध्ये जात नाही, आणि लेपामुळे रंग बदललेला दिसला तर तो हिशेबात धरायचा नाही. बॉन्डिंगचं रेझिन तंतूंमध्ये मुरलेलं असतं, वेगळा थर म्हणून दिसत नाही. उत्तरात ही टीप लिहा आणि धाग्याचा जवळून काढलेला फोटो जोडा. मोनोकॉर्ड नावाचा एक बॉन्डेड प्रकार मिळतो. त्यात पदरच नसतात, तंतू समांतर चिकटवलेले असतात. तो एकापेक्षा जास्त पदरांच्या मूळ अटीवरच बाद होतो. ओव्हरलॉकच्या लूपरला लागणारा फुगीर टेक्स्चराइज्ड धागाही बहुधा असाच सुटतो, कारण तो पुष्कळदा एकपदरी असतो. त्याला ५४०२ मधला टेक्स्चर्ड यार्नचा उपकोड बघावा लागतो.

साडीला फॉल लावायला जो पारदर्शक, न दिसणारा धागा वापरतात तो एकच नायलॉनचा तंतू असतो. त्याला शिलाईचा धागा म्हणून जाहीर केलेलं मी दोन-तीन ठिकाणी पाहिलं आहे. तिथे हिशेब जाडीचा असतो. ६७ डेसीटेक्सच्या (दहा हजार मीटर तंतूचं ग्रॅममधलं वजन) खाली ५४०२, ६७ किंवा जास्त आणि जाडी १ मिलिमीटरपर्यंत असेल तर ५४०४. नायलॉनची घनता १.१४ धरली तर ०.१ मिलिमीटरचा तंतू सुमारे ९० डेसीटेक्स भरतो. म्हणजे बाजारात मिळणारा बराचसा माल ५४०४ चा.

भरतकामाच्या धाग्यात आपली भाषाच गोंधळ घालते. व्हिस्कोसलाही आपण कृत्रिम म्हणतो आणि पॉलिएस्टरलाही, दुकानात तर दोन्ही "रेशीम" म्हणूनच विकले जातात. टॅरिफमध्ये दोन्ही वेगळे आहेत. पॉलिएस्टर, नायलॉन हे सिंथेटिक. व्हिस्कोस लाकडाच्या सेल्युलोजपासून बनतो म्हणून तो आर्टिफिशियल. फिलामेंटचा असेल आणि वरच्या सगळ्या अटी पाळत असेल तर ५४०१ २०. शंका असेल तर काडेपेटी काढा. व्हिस्कोस कागदासारखा जळतो आणि भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टर वितळतो, काळा धूर येतो आणि टोकाला कडक मणी राहतो. जरीचा विषय आणखी वेगळा. धाग्यात धातू कोणत्याही रूपात आला, तार, पट्टी किंवा पूड, की तो ५६०५. येवल्याच्या पैठणीवाल्यांना हे सांगायला नको, पण कपड्यांवर मशीन एम्ब्रॉयडरी करणारे नवे लोक इथे अडकतात.

कोअरस्पन धाग्यात आत फिलामेंटचा गाभा असतो आणि वर स्टेपलचं वेष्टण. इथे वजनाने जे जास्त त्याचा कोड. आत पॉलिएस्टर फिलामेंट ६५ टक्के आणि वर कापूस ३५ टक्के असेल तर ५४०१. कापूस निम्म्याच्या वर गेला तर ५२०४. हे बोटांनी कळत नाही, प्रयोगशाळेचा अहवालच लागतो. मुंबईत प्रभादेवीला टेक्स्टाइल कमिटी आहे, तिथून आधीच करून घेतलेला अहवाल हाताशी असला की क्वेरीला उत्तर देणं सोपं जातं.

पैशांचं गणित थोडक्यात. सीआयएफ किमतीवर (माल, विमा आणि वाहतूक मिळून) बेसिक ड्यूटी, बेसिकच्या १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५४०१ आणि ५५०८ दोन्हीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. बेसिकचा दर बजेटमध्ये किंवा मधल्या अधिसूचनांनी बदलत राहतो, तो बिल भरायच्या दिवशी कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवरच्या ड्यूटी कॅल्क्युलेटरवर बघायचा. अँटी-डंपिंग ड्यूटी (बाहेरून फार स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या मालावरची जादा ड्यूटी) लागू आहे का, हेही त्याच वेळी बघा, कारण ती कोड आणि देश दोन्हीवर ठरते. उदाहरणासाठी समजा दहा लाखांचा माल आहे. बेसिक १० टक्के धरला तर एक लाख, सरचार्ज दहा हजार, मग ११,१०,००० वर ५ टक्क्यांनी ५५,५०० आयजीएसटी. एकूण १,६५,५००. तोच दर ५ टक्के असता तर ५०,०००, ५,००० आणि ५२,७५०, म्हणजे १,०७,७५०. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, बेसिक आणि सरचार्ज मात्र खर्चात जातात. त्यामुळे या उदाहरणात खरा फरक ५५,००० चा. आमच्यासारख्या लहान युनिटला ही रक्कम छोटी नाही.

आता क्वेरी लागलीच आहे, काय करायचं? पहिलं, त्याच दिवशी उत्तर द्यायच्या मागे लागा, पण "आम्ही नेहमी हाच कोड लावतो" असं एका ओळीचं उत्तर देऊ नका. त्याने दुसरी क्वेरी येते आणि दोन-तीन दिवस जातात. पदर किती, आधारासह वजन किती, फिनिश कोणतं, अंतिम पीळ कोणता, आणि शेवटी तंतू कोणता, हे पाच मुद्दे पाचव्या टिपेच्या क्रमाने लिहा. काट्यावरच्या कोनचा फोटो, तांत्रिक पत्रक आणि अहवाल जोडा. सॅम्पल चाचणीला पाठवायचं ठरलं तर माल अडकवून बसू नका. कलम १८ खाली प्रोव्हिजनल असेसमेंट, म्हणजे तात्पुरती आकारणी मागा, बाँड देऊन माल सोडवता येतो. अधिकाऱ्याने तुमचा कोड बदलला आणि तुम्हाला तो मान्य नसेल, तर लेखी तसं कळवून कलम १७(५) खाली कारणांसह आदेश मागा. तो पंधरा दिवसांत द्यायचा असतो. त्यावर ६० दिवसांत कमिशनर अपील्सकडे जाता येतं. घाईत "मान्य" लिहून दिलंत तर असा आदेश द्यायचं बंधन त्याच्यावर राहत नाही. हे मी कळकळीने सांगते, कारण मशीन बंद पडलेल्या असताना आपण कशावरही सही करतो.

आणि अधिकारी बरोबर असेल तर ते कबूल करा. आमच्या १०६२ ग्रॅमच्या कोनबाबत आम्ही तेच केलं. जुन्या बिलांवर ड्यूटी कमी भरली गेली असेल तर नोटीस यायच्या आधी स्वतःहून १५ टक्के व्याजासह भरून टाका. लबाडीचा हेतू नसेल तर दंड टळतो. जास्त भरली गेली असेल तर परताव्याला एक वर्षाची मुदत आहे, पण २०१९ च्या आयटीसी प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आधी बिलातली आकारणी बदलून घ्यावी लागते. नुसता परताव्याचा अर्ज करून भागत नाही.

व्हिएतनाम किंवा आसियानमधल्या दुसऱ्या देशातून सवलतीच्या दराने आणत असाल तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवरचा (मालाचा मूळ देश सांगणाऱ्या दाखल्यावरचा) कोड तुमच्या बिलावरच्या कोडशी जुळलाच पाहिजे. २१ सप्टेंबर २०२० पासून कारोटार नियम लागू आहेत. माल त्या देशाचा कसा ठरतो याची माहिती आयातदाराने स्वतःकडे ठेवायची, आणि कागद पाच वर्षं जपायचे. पुरवठादाराने सर्टिफिकेटवर ५४०२ टाकलं आणि तुम्ही ५४०१ भरलं, की सवलतही धोक्यात आणि क्वेरीही नक्की. सर्टिफिकेट निघायच्या आधी त्याचा मसुदा मागून बघा.

ज्यांचा एकच धागा वर्षानुवर्षं येतो त्यांनी ॲडव्हान्स रूलिंगचा, म्हणजे कोड कोणता याचा निर्णय आधीच मागून घेण्याचा, विचार जरूर करावा. मुंबईत त्यासाठी प्राधिकरण आहे. एकदा निर्णय मिळाला की तो काही वर्षं चालतो आणि त्या मालापुरता प्रश्नच राहत नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला तो मात्र इन्व्हॉइसवरच्या एका ओळीने. पुरवठादाराला आम्ही ऑर्डरमध्येच लिहून देतो की मालाचं वर्णन असंच यायला हवं: "शिलाईचा धागा, १०० टक्के पॉलिएस्टर स्टेपल, ४०/२, दोनपदरी, अंतिम पीळ झेड, सिलिकॉन फिनिश, ५००० मीटर, आधारासह वजन १७० ग्रॅम." पॅकिंग लिस्टवर तीच ओळ, बिल ऑफ एंट्रीत तीच ओळ. दूरच्या शहरातला अधिकारी स्क्रीनवर हे वाचतो तेव्हा त्याला विचारण्यासारखं फारसं उरत नाही.

पुरवठादार बदलला की मात्र सगळं पहिल्यापासून. गेल्या महिन्यात नव्या ठिकाणचं सॅम्पल आलं, तेव्हा काकांनी मला बोलवायच्या आधीच कोन काट्यावर ठेवला होता आणि भिंगातून पीळ बघत होते. "ताई, वजन ९४८ आहे," ते म्हणाले, "पण पीळ एस दिसतोय." आम्ही ते सॅम्पल परत पाठवलं.